जपानमध्ये सिम मिळतं, नंबर मिळत नाही

नारिता विमानतळावर सामान घेऊन बाहेर आलं की शीतपेयांच्या यंत्रांसारखीच सिमकार्डांची यंत्रं दिसतात. पैसे भरा, सिम काढा, फोनमध्ये घाला, व्हॉट्सॲप सुरू. घरी ‘पोचलो’ म्हणून कळवलं की वाटतं, फोनचं काम उरकलं. मग हॉटेलात टेबल राखायला, बँकेत खातं काढायला किंवा भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला रकाना येतो ‘देनवा बांगो’, म्हणजे फोन नंबर, आणि तिथे लिहायला काहीच नसतं.

भारतात सिम म्हणजे नंबर. इंटरनेट त्याच्याबरोबर येतं. जपानमध्ये या दोन वेगळ्या वस्तू आहेत, वेगळ्या विकल्या जातात. नुसतं डेटाचं सिम, डेटा आणि एसएमएसचं सिम, आणि बोलण्याचं सिम, ज्याला तिथे ‘ओन्सेई’ म्हणतात, असे तीन प्रकार असतात. डेटाच्या सिमलाही आत एक नंबर असतो, पण तो नेटवर्कच्या सोयीसाठी. त्यावरून फोन लागत नाही आणि त्यावर येतही नाही. दुसऱ्या प्रकारावर पडताळणीचा एसएमएस येतो, म्हणजे लाइन या तिथल्या निरोपांच्या ॲपचं किंवा व्हॉट्सॲपचं खातं काढता येतं. बँकेला, घरमालकाला आणि कुरिअरवाल्याला हवा असतो तो तिसरा.

तिसरं सिम सहज न मिळण्याचं कारण तिथल्या एका ठगीत आहे. म्हाताऱ्या आईबापांना फोन करून ‘ओरे, ओरे’, म्हणजे ‘अहो मी, मी बोलतोय’, असं म्हणायचं, मुलगा असल्याचं भासवून पैसे मागवायचे. हा प्रकार इतका फोफावला की २००५ मध्ये मोबाईलच्या गैरवापराविरुद्ध कायदा आला आणि बोलण्याच्या सिमसाठी ओळख पटवणं सक्तीचं झालं. २०२४ पासून इंटरनेटवरून बोलायच्या ॲपवर मिळणाऱ्या, ०५० ने सुरू होणाऱ्या नंबरांनाही तीच अट आहे. त्यामुळे जुन्या लेखांमधली ‘०५० चं ॲप उतरवून घ्या, पाच मिनिटांत नंबर मिळेल’ ही युक्ती आता विसरा. काही मोजक्या कंपन्या पासपोर्टवरही बोलण्याचं सिम देतात. पंधरा दिवसांच्या सहलीसाठी त्याची गरज क्वचितच पडते.

राहायला जाणाऱ्यांनी क्रम नीट पाळावा. नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर उतरतानाच रहिवासी कार्ड हातात पडतं, पण त्यावर पत्ता नसतो. घर ठरल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवायचा. तो कार्डाच्या मागे छापून मिळतो. पत्ता नसलेलं कार्ड फोनच्या दुकानात चालत नाही. म्हणून आधी वॉर्ड ऑफिस, मग फोन, मग बँक.

अडतं ते बँकेपाशी. बँक फोन नंबर मागते, आणि फोन कंपनी दरमहाच्या पैशांसाठी जपानी बँकेचं खातं किंवा क्रेडिट कार्ड मागते. भारतीय डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी नाकारलं जातं. क्रेडिट कार्ड कुठे चालतं, कुठे नाही. त्यात परकीय चलनाच्या नियमांनुसार सहा महिने पूर्ण न झालेला परदेशी माणूस ‘अनिवासी’ धरला जातो आणि त्याला खातं देताना बँका हात आखडतात. जपानमधल्या कार्यालयात नोकरीला आलेल्याला ही सहा महिन्यांची अट नाही, पण हे काउंटरवरच्या माणसाला नियुक्तिपत्र दाखवून सांगावं लागतं. विद्यार्थ्यांना वाट पाहावी लागते.

यातून निघायची सोपी वाट म्हणजे परदेशी लोकांसाठीच चालणाऱ्या कंपन्या: साकुरा मोबाईल, मोबॅल, जीटीएन मोबाईल. इथे इंग्रजीत बोलता येतं आणि पैसे भरायच्या अटी सैल असतात. दर थोडे जास्त पडतात. ते पहिले काही महिने सोसावेत, खातं आणि कार्ड झालं की तोच नंबर घेऊन स्वस्त कंपनीत जावं. नंबर घेऊन बाहेर पडायचं शुल्क मोठ्या कंपन्यांनी २०२१ मध्ये रद्द केलं. दोन वर्षांच्या करारात अडकवून मध्येच सोडल्यास साडेनऊ हजार येन दंड घ्यायची जुनी पद्धतही गेली. त्या दंडाच्या कहाण्या मात्र अजून फिरतात, त्यांना घाबरू नका.

आता नावाचं. अर्ज परत यायचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि मराठी माणसाला ते हमखास छळतं. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतं. रहिवासी कार्डावर ते जसंच्या तसं, आडनाव आधी, असं उतरतं. फोनच्या अर्जात मधल्या नावाला रकाना नसतो. मग कोणी वडिलांचं नाव गाळतो, कोणी दोन्ही नावं जोडून लिहितो, आणि कार्डाशी जुळत नाही म्हणून दोन दिवसांनी नकाराची मेल येते. नियम एकच: कार्डावर जे आहे ते सगळं, त्याच क्रमाने, मोठ्या अक्षरांत, मध्ये एकेक जागा सोडून. वडिलांचं नाव तुमच्या नावाच्याच रकान्यात जातं.

त्याच्या शेजारी कातकाना लिपीतलं नाव मागतात, आणि ते बँकेतल्या कातकानाशी अक्षरशः जुळावं लागतं. जपानीत ल, ळ आणि र यांना एकच घर. त्यामुळे गोरे आणि गोळे ही तिथल्या कागदावर एकच मंडळी! पाटील तर ‘पा’ आणि ‘टी’ लांबवायचे की नाही यावर तीनचार तऱ्हांनी लिहिता येतं. पहिल्याच दिवशी एक तऱ्हा ठरवा, फोनमध्ये तिचा फोटो ठेवा आणि बँक, फोन, गॅस, वीज सगळीकडे तीच लिहा. दुकानदाराने आपल्या मनाने दुसरी लिहिली तर तिथल्या तिथे बदलून घ्या. नंतर बदलायला फेरे पडतात.

भारतातून नेलेला फोन चालेल का? जपानने जीएसएम, म्हणजे आपल्याकडची २जीची पद्धत, कधीच घेतलं नाही, त्यामुळे भारतातला जुना २जीचा बटणांचा फोन तिथे कधीच चालत नव्हता. आता ३जीही संपलं: तिथल्या मोठ्या कंपन्यांपैकी एयूचं मार्च २०२२ मध्ये, सॉफ्टबँकचं २०२४ मध्ये, आणि डोकोमोने ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख जाहीर केली. याचा परिणाम असा की बोलणं आता व्होल्टेवरूनच, म्हणजे ४जीच्या जाळ्यावरूनच होतं, आणि त्या कंपनीच्या व्होल्टेशी तुमच्या फोनचं जमत नसेल तर इंटरनेट झकास चालतं, फोन मात्र लागत नाही. लोक सिम बदलून घेतात, दोष फोनचा असतो. विकत घेण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर तपासलेल्या फोनांची यादी असते, तीत आपला नेमका मॉडेल क्रमांक शोधा. नुसतं नाव बघू नका. त्याच नावाच्या भारतीय आणि जपानी फोनांत फरक असतो.

दुसरी गोष्ट बँडची. डोंगरात, तळघरात, खेड्यात पोचतो तो खालच्या फ्रीक्वेन्सीचा बँड: डोकोमोचा १९, एयूचा १८ किंवा २६, सॉफ्टबँकचा ८. भारतात विकलेल्या अँड्रॉइड फोनांत ८ बहुधा असतो, कारण तो इथेही वापरात आहे. १९ आणि १८ बऱ्याचदा नसतात. त्यामुळे भारतीय फोन घेऊन जाणाऱ्याला सॉफ्टबँकच्या नेटवर्कवरचं सिम, म्हणजे वायमोबाईल किंवा लाइनमो, जास्त सुखाचं पडतं. आयफोनवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

रेडिओ असलेल्या प्रत्येक उपकरणावर ‘गितेकी’ची खूण असावी असाही तिथला नियम आहे. वर्तुळात विजेसारखी आकृती, फोनच्या सेटिंगमधल्या कायदेशीर माहितीच्या पानावर दिसते. पर्यटकाला वायफाय आणि ब्लूटूथपुरती ९० दिवसांची सवलत आहे.

सिम घातल्यावर इंटरनेट आलं नाही तर दहातल्या नऊ वेळा घोटाळा एपीएनचा, म्हणजे फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या सेटिंगचा. स्वस्त कंपन्यांत एपीएनचं नाव, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड आणि पडताळणीचा प्रकार हे चारही हाताने भरावे लागतात. बरोबर आलेल्या कागदावर ते असतात. आयफोनवर यासाठी ‘प्रोफाइल’ उतरवून घ्यावं लागतं, त्याला वायफाय लागतं. आणि कंपनी बदलताना जुनं प्रोफाइल आधी काढलं नाही तर नवीन सिम मुकं राहतं. घरात सिग्नलच येत नसेल तर कराराची कागदपत्रं मिळाल्यापासून आठ दिवसांत करार मोडता येतो. वापरलेल्या सेवेचे पैसे द्यावे लागतात, दंड नाही.

दरांबद्दल थोडक्यात. आलेला फोन फुकट. केलेला साधारण ३० सेकंदांना २२ येन. दहा मिनिटांचे ४४० येन, म्हणजे एका साध्या जेवणाचे अर्धेअधिक पैसे गेले. म्हणून योजना बघताना डेटाआधी बोलण्याची सवलत बघा. डोकोमोच्या अहामो योजनेत २,९७० येनला ३० जीबी आणि प्रत्येक कॉलची पहिली पाच मिनिटं फुकट. राकुतेन कंपनीत त्यांच्या लिंक ॲपमधून केलेले देशातले कॉल फुकट. फोनच्या नेहमीच्या डायलरवरून केले तर पैसे पडतात, आणि सवयीने बोट तिथेच जातं. एयूच्या पोवो योजनेला महिन्याचं भाडं शून्य, लागेल तेव्हा डेटा विकत घ्यायचा. पण १८० दिवस काहीच घेतलं नाही तर नंबर बंद पडू शकतो.

या सगळ्या सवलतींना भोक पाडणारा नंबर म्हणजे ०५७०. त्याला ‘नाबी दाइयारु’ म्हणतात. बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांच्या चौकशीचे नंबर बहुधा यानेच सुरू होतात. अमर्याद बोलण्याची योजना असली तरी हा तिच्यात धरत नाहीत. फोन लागताच एक बाई सांगते की वीस सेकंदांना साधारण दहा येन पडतील. ते फक्त बोलण्याचे नाहीत, संगीत ऐकत ताटकळण्याचेही. अर्धा तास थांबलात तर ९०० येन गेले आणि अजून कोणी ‘हॅलो’ म्हटलेलं नाही. उपाय आहे: त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत ‘आयपी फोनवरून किंवा परदेशातून’ असा एक नंबर असतो, तोक्योचा ०३ किंवा ओसाकाचा ०६. तो सरळ लावा, तो योजनेत बसतो. ०१२० फुकट, ०८०० ही फुकट. ०८० ने मोबाईलही सुरू होतात, पण ०८० नंतर लगेच शून्य आलं तर तो मोबाईल नसतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. ०१२० चे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत. सुट्टीत पुण्याला आल्यावर तिथल्या बँकेशी बोलायचं असेल तर ०३ चा नंबर आधीच टिपून ठेवा, मग +८१ लावून पहिलं शून्य गाळायचं.

नंबर सांगायचीही रीत आहे. तीन, चार, चार असे तुकडे आणि मधल्या आडव्या रेघेच्या जागी ‘नो’: ‘झेरो क्यू झेरो नो…’. चारला योन, साताला नाना, नवाला क्यू म्हणायचं. शि, शिचि, कु म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो. ‘डबल’, ‘ट्रिपल’ तिथे कोणी म्हणत नाही, प्रत्येक आकडा सुटा. यंत्राचा आवाज ‘शापु’ म्हणाला तर हॅश दाबा, ‘कोमेजिरुशी’ म्हणाला तर तारा. कोमे म्हणजे तांदूळ, आणि तारा तिथल्या कागदांवर वापरतात त्या तांदुळाच्या खुणेसारखा दिसतो, म्हणून.

याचा पहिला सराव बहुधा कुरिअरच्या चिठ्ठीवर होतो. तुम्ही घरी नसताना पार्सल आलं तर दाराशी ‘फुझाइह्यो’ नावाची चिठ्ठी टाकून जातात. तिच्यावरच्या यंत्राच्या नंबरावर आपला फोन नंबर, चिठ्ठीचा क्रमांक, तारीख चार आकड्यांत (५ मार्च म्हणजे ०३०५) आणि वेळेचा सांकेतिक आकडा दाबत जायचं. चिठ्ठीवर क्यूआर कोड असेल तर तो घ्या, जीव वाचतो.

मिस्ड कॉल देऊ नका. आपल्याकडे दूधवाल्यापासून नवऱ्यापर्यंत सगळे तो देतात. जपानमध्ये एक रिंग देऊन ठेवून देण्याला ‘वानगिरी’ म्हणतात आणि ती ठगी आहे. माणूस उलट फोन करतो आणि महागड्या नंबरावर अडकतो. २००२ मध्ये याविरुद्ध कायदा झाला, आणि ‘वानगिरी’ हा शब्द आता जगभरच्या टेलिफोन कंपन्या वापरतात. + ने सुरू होणारे परदेशी नंबरही तिथे संशयाने बघतात. भारतीय नंबरावरून जपानी घरमालकाला फोन केला तर उचलला जाईलच असं नाही. आधी मेल पाठवा. रेल्वेत फोन ‘मॅनर मोड’वर, म्हणजे आवाज बंद, आणि बोलणं अजिबात नाही. घरचा फोन आलाच तर तोंडावर हात धरून ‘उतरल्यावर करते’ एवढं म्हणून ठेवतात, तेवढं लोक चालवून घेतात.

अडीअडचणीला पोलीस ११०, आग आणि रुग्णवाहिका दोन्ही ११९. ११९ वर पहिला प्रश्न येतो ‘काजी देसु का, क्यूक्यू देसु का’. आग असेल तर काजी, माणूस आजारी असेल तर क्यूक्यू. दुसरा प्रश्न पत्त्याचा. रस्त्यात असाल आणि पत्ता ठाऊक नसेल तर जवळचं शीतपेयांचं यंत्र बघा, त्यावर त्या जागेचा पत्ता चिकटवलेला असतो. रुग्णवाहिका बोलवावी इतकं आहे का, अशी शंका असेल तर तोक्यो, ओसाकासारख्या ठिकाणी #७११९ वर विचारता येतं. नुसत्या डेटाच्या सिमवरून मात्र ११० किंवा ११९ लागत नाही, सिम काढलेल्या फोनवरूनही नाही. अशा वेळी हिरव्या सार्वजनिक फोनकडे जा. तिथून हे नंबर फुकट लागतात. एरवी त्यात दहा येनची नाणी घाला. शंभराचं नाणं टाकलं तर उरलेले पैसे परत मिळत नाहीत.

मोठ्या भूकंपात मोबाईलवर बोलणं अवघड होतं, कारण सगळेच एकदम फोन करतात. त्यासाठी १७१ आहे. १७१, मग १, मग आपला नंबर दाबून तीस सेकंदांचा निरोप ठेवायचा. ऐकणाऱ्याने १७१, मग २, मग तोच नंबर दाबायचा. कोणाच्या नंबरावर निरोप ठेवायचा हे घरात आधी ठरलेलं हवं, नाहीतर दोघं दोन नंबरांवर बोलत बसतात. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला ही सेवा सरावासाठी खुली असते. तोक्योतल्या निशी-कासाई या भारतीयांच्या वस्तीत राहणाऱ्या घरांनी एकदा तरी हा सराव करावा; जपानी न येणाऱ्या सासूसासऱ्यांना यंत्राचं बोलणं पहिल्यांदाच भूकंपाच्या दिवशी ऐकायला लागू नये.

भारतातला नंबर बंद करू नका. बँकेचा ओटीपी, आधार, आयकर सगळं त्यावर लटकलेलं असतं. निघण्याआधी भारतातच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि रिचार्जची मुदत संपू देऊ नका. परदेशी नंबरावर यूपीआय द्यायची सोय जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली तेव्हा यादीत सिंगापूर, अमेरिका, ओमान धरून दहा देश होते, जपान नव्हता. आपल्या बँकांचे १८०० चे नंबरही तिथून सहसा लागत नाहीत. परदेशातून लावायचा नंबर कार्डाच्या मागे असतो. आणि जपान साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे भारतातली शाखा सकाळी दहाला उघडते तेव्हा तिथे दुपारचा दीड झालेला असतो.

कायमचं परतताना जपानी नंबर सगळ्यात शेवटी बंद करा, कारण गॅस, वीज आणि बँक यांची खाती मिटवताना पडताळणी त्यावरच येते. शेवटच्या महिन्याचं भाडं बहुतेक ठिकाणी दिवसांच्या हिशोबाने कापत नाहीत. १ तारखेला सोडलं काय नि ३० ला सोडलं काय, पैसे महिन्याचे. शिवाय शेवटचं बिल पुढच्या महिन्यात येतं, तेव्हा ते ज्या खात्यातून जाणार त्यात तेवढे येन ठेवा, किंवा दुकानातून निघण्याआधी रोख भरता येईल का ते विचारा.